सुपडाबाई भ्र. दगा

अण्णांच्या टेबलाच्या खालच्या खणात
रिटचिंगच्या पेन्सिली, सुईसारख्या टोकाच्या,
आणि एक खाकी पाकीट:
सुपडाबाई भ्र. दगा, कॅबिनेट साइज, प्रत एक,
पैसे पोच.
तारीख चौसष्ट सालची.
खाली वेगळ्या शाईत: नेला नाही.

फोटोत ती खुर्चीवर बसली आहे,
म्हणजे टेकली आहे, कुणी उठ म्हणेल म्हणून.
मागे पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस,
मनगटावर स्टुडिओचं घड्याळ.
त्या वर्षी अमळनेर तालुक्यातल्या निम्म्या सुनांच्या हातात
तेच घड्याळ आहे, आणि सगळ्यांकडे
सव्वाचार वाजलेत.

आधीची दोन गेली म्हणून हिला सुपात घातलं,
शेजारणीला देऊन टाकलं
आणि पायलीभर दादर मोजून परत विकत घेतलं.
मरण फसलं.
पुढे कुणी फसलं नाही.
अकराव्या वर्षी बोरीच्या या काठावरून त्या काठाला,
विसाव्या वर्षी दगा सुरतेला.
तो आधी पत्रात, मग मनीऑर्डरीत,
मग नुसता तिच्या नावापुढे उरला.

पोरं दोन, आंधळी सासू एक.
तिने खापर मांडलं.

लग्न निघालं की आधी सुपडाबाईला सांगावा जायचा,
भटजीला नंतर.
पुरण भरलेला गोळा हातांवर घ्यायचा,
या हातावरून त्या हातावर वाढवत न्यायचा
कोपरापर्यंत, पदराएवढा,
समोरचं माणूस दिसेल इतका पातळ,
आणि उलट्या खापरावर टाकताना
हात मागे घ्यायला अर्धा श्वास उशीर झाला
की खापर आपली खूण ठेवून घेतं.
एका लग्नाची एक, कधी दोन.
तिला सगळ्या पाठ होत्या:
ही झुंबरच्या लग्नाची, ही शेवंताच्या,
ही त्या मोडलेल्या,
मांडे मात्र तेव्हा होऊन गेले होते.

अण्णा सांगायचे, बाजाराच्या दिवशी आली, एकटीच.
कनवटीची नाणी आधी मोजून दिली, मग म्हणाली,
भाऊ, हात येवाले जोयजेत फोटूमा.
कुणाला पाठवायचा, विचारलं
तर हंसांकडे बघत बसली.

अण्णांचा हात चांगला होता.
देवीचे व्रण, वांग, रडून आलेली काळी वर्तुळं
ते काचेवर एका बैठकीत घालवत.
बाईमाणसाचा फोटो, दुसरं काय करणार?
सगळ्यात मोठ्या डागावर त्यांनी
आधीच घड्याळ बांधलं होतं.
बाकीचे रात्री जागून पेन्सिलीने भरले, एकेक.

आठ दिवसांनी ती आली.
फोटो घेतला, दारात उन्हात नेला, परत आणला.
तोंडाकडे पाहिलंच नाही, म्हणायचे अण्णा.
हाऊ मना हात नही,
एवढंच बोलली.
काउंटरवर फोटो पालथा ठेवला,
पैसे मागितले नाहीत,
समोर पोरांसाठी दोन आण्यांची शेव बांधून घेतली
आणि गेली.

त्यानंतर अण्णांनी पेन्सिल सोडली, असं काही नाही.
पोट होतं, आम्ही चार होतो.
पण पाकीट फेकलं नाही,
आणि माझ्या लग्नात मांडे करायला कोण आलंय
ते पाहायला स्वयंपाकाच्या मांडवाकडे
ते फिरकलेही नाहीत.

निगेटिव्ह खिडकीशी धरते.
त्यात तिचे केस पांढरे, हंस काळे.
काच जराशी तिरपी केली की शिसं चमकतं,
बारीक रेघा, कोपरापर्यंत,
वावर नांगरून ठेवावं तशा.

टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघतं, त्यांनीच शिकवलेलं.
बोळा भिजवून बसले आहे कधीची.
इतकं सुबक काम माझ्या बापाचं.
झुंबरच्या लग्नापासून सुरुवात करते.
घड्याळाखालचा तेवढा
माझ्या हाताबाहेरचा.